ब्रेक किंचाळतात? घरी काय केलंत ते सांगा

पावसाळ्यात आमच्या सोसायटीतून सकाळी गाड्या चीं चीं करत बाहेर पडतात. ज्यांनी स्वतः चाक खोलून इलाज केला, त्यांचे अनुभव हवेत. आवाज नेमका कधी येतो ते जरूर लिहा, निम्मं निदान तिथंच होतं.

कोथरूडहून : सकाळी पहिल्या दोनचार ब्रेकना आवाज, मग गप्प. पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी) रात्रीत गंजाचा पातळ थर धरतो, पॅड (ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे ठोकळे) तो घासून काढतात. काही खोलायला नको.

धनकवडीहून : आमचा आवाज दिवसभर. नवरा रोज कात्रजचा घाट उतरून येतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मागच्या चाकांना विटा लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली स्टँड हवाच. कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) तारेनं टांगला, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू दिला नाही. पॅड जाड होते, पण तोंड काचेसारखं गुळगुळीत! उतारावर ब्रेक दाबून धरला की पॅड तापून असे होतात. मास्क लावून सँडपेपरनं हलकं घासलं. पॅडच्या पाठीला आणि कॅलिपर सरकतो त्या पिनांना ब्रेकचं खास ग्रीस लावलं, घासणाऱ्या बाजूला एक थेंबही नाही. आवाज गेला. घाटात गिअर खाली घ्यायचा, हे आता घरात ठरलंय.

औंधहून : चालताना बारीक शिट्टी, ब्रेक दाबला की बंद. पॅड झिजून दोनतीन मिलिमीटर उरला की त्यावरची पत्र्याची जीभ डिस्कला घासते, त्याचीच ही शिट्टी. नाना पेठेतून नवा सेट आणला, डावे-उजवे दोन्ही बदलले. कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) मागे दाबताना बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवा, ते वर चढतं आणि रंगावर सांडलं तर रंग खातं. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला पाय थेट तळाला जाईल.

हडपसरहून : आवाज घालवायला तेलाचा स्प्रे मारा, असं सर्रास सांगतात. कृपा करून मारू नका. पॅड तेल पितो आणि ब्रेक लागत नाही. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी करकर असेल तर गाडी जागची हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

मागच्या चाकांना ड्रम ब्रेक (डिस्कऐवजी फिरता डबा, त्याला आतून लायनर घासतात) असलेल्यांपैकी अजून कुणीच लिहिलेलं नाही. लायनर साफ केलेल्यांनी सांगा, ड्रम अडकून बसला तर कसा सोडवलात?