वर्गातल्या फळ्यावर मुलांचे गुण दिवसभर झळकवणं योग्य आहे का?

कोयनाकाठ (कराड)
माझा मुलगा दुसरीत आहे. वर्गात मोठा डिजिटल फळा आलाय आणि त्याच्या एका कडेला सगळ्या मुलांची नावं, पुढे गुण. वही आणली की एक वाढतो. शेजाऱ्याशी बोललं की एक कापतात, आणि कापलेला लाल रंगात दिसतो. परवा त्याला विचारलं, "आज बाई काय म्हणाल्या?" तर म्हणाला, "काही नाही, माझे दोन गेले." का गेले, ते त्याला सांगता येईना.

सात वर्षांच्या पोराचं काही चुकलं तर त्याला जवळ बोलवावं, हळू आवाजात सांगावं. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नं मारण्यालाच नाही, मानसिक त्रासालाही बंदी केलीय. सगळ्या वर्गासमोर लाल आकडा नावापुढे ठेवणं हा मला त्रासच वाटतो. फळा राहू दे, गुणांचा तक्ता काढावा.

खटावची बाई
ताई, मी तिसरीला असाच तक्ता वापरते आणि तो काढणार नाही. मी गुण कापत नाही, फक्त देते. पूर्वी दिवसभर माझ्या तोंडी "गप्प बसा, खाली बसा" एवढंच असायचं. आता गुण द्यायचाय म्हणून कोण काय चांगलं करतंय ते शोधावं लागतं. एक मुलगी जूनपासून एक शब्द बोलली नव्हती. तिनं शेजारणीची सांडलेली पेन्सिली-खोडरबरं मुकाट्यानं गोळा करून दिली. मी गुण दिला, नाव घेऊन सांगितलं का दिला ते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तीच येऊन म्हणाली, "बाई, आमच्या शेळीला दोन करडं झाली." हे मला तक्त्यामुळे मिळालं.

सातारी
कर्मवीरअण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ साली साताऱ्यात गरीब पोरांसाठी बोर्डिंग काढलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून त्या पोरांना जेवू घातलं. कुठला तक्ता होता तिथं? माया होती.

वाळव्याचा मास्तर
दादा, अण्णांचं नाव आमच्याही देव्हाऱ्यात आहे. पण ती पोरं चोवीस तास बोर्डिंगात असायची. माझी शाळा दोनशिक्षकी. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, असं कायद्यातच आहे. पहिली ते चौथी, म्हणजे एकेकाकडे दोन वर्ग. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या तळावरची पोरं येतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की जातात. त्यातल्या एखाद्याला अक्षर लावायला शिकवायचं तर शेजारी मांडी घालूनच बसावं लागतं. तेवढा वेळ बाकीच्यांना टीव्हीवर गोष्ट लावून देतो. स्क्रीन आहे म्हणून मी त्या पोराजवळ बसू शकतो.

मुलांपासून मला तोडतो तो माझ्या खिशातला मोबाईल. वरून निरोप येतो, आज ही लिंक भरा, दुपारी बारापर्यंत फोटो टाका, झाडाबरोबरचा, ताटाबरोबरचा. पोरगं वही घेऊन उभं असतं आणि मी मान खाली घालून फोटो चढवत असतो. बंद करायचं तर ते करा.

कडेगावकर
मास्तरांशी सहमत. आमच्या तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, पण मोबाईल मोठ्यांनीही खाली ठेवायचा. घरात आई मालिका बघतेय आणि पोरानं पुस्तक धरावं, असं होत नाही. शाळेतही तास चालू असताना गुरुजींचा फोन कपाटात हवा, आणि त्या वेळेत वरून कुणी माहिती मागू नये.

कोयनाकाठ
मास्तर, लिंकांचं पटलं. शाळेनं टीव्ही कसा वापरावा, यावर माझं काही म्हणणं नाही.

खटावच्या बाई, तुमच्या त्या मुलीला बोलतं केलं ते तुम्ही नाव घेऊन, कारण सांगून केलेल्या कौतुकानं. मग तो आकडा भिंतीवर कशाला? ज्याला आठवडाभर एकही गुण मिळत नाही तो पोरगा रोज स्वतःचा शून्य बघतो. तो लाल नसला म्हणून काय झालं?

आमची शाळा अनुदानित आहे. व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे पुढच्या बैठकीत विषय मांडणार आहे.

खटावची बाई
शून्यावरच्या पोराचं म्हणाल तर ते काम माझं. शनिवारी यादी बघते, कुणाचं नाव राहिलंय ते वहीत लिहिते आणि सोमवारी आधी त्याच्याकडे जाते. तक्ता नसता तर गप्प बसणारी पोरं माझ्या नजरेतून सुटली असती, पूर्वी सुटायचीच. बैठकीत गुण कापणं बंद करायला जरूर सांगा. तक्ता मुलांना न दाखवता फक्त बाईंनी बघावा, असंही सुचवा. मी मात्र माझ्या वर्गात तो समोरच ठेवणार, कारण आमची पोरं एकमेकांना गुण मिळावा म्हणून मला येऊन सांगतात, "बाई, ह्यानं मला पाणी दिलं."