आर्किटेक्चरचा थिसिस: विषयापासून ज्युरीपर्यंत, तुमचे अनुभव सांगा

बी.आर्क.च्या पाचव्या वर्षाची मुलं सध्या थिसिसच्या, म्हणजे शेवटच्या मोठ्या डिझाइन प्रकल्पाच्या, सिनॉप्सिसच्या (विषयाची थोडक्यात मांडणी) धावपळीत आहेत. विषय कसा ठरला, साइट कशी मिळाली, ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढच्या सादरीकरणाच्या, आधीचा शेवटचा महिना कसा गेला, ते त्यांच्यासाठी सविस्तर लिहा. माझं मत आधीच सांगते: जिथे मनात येईल तेव्हा जाता येईल, अशीच साइट घ्यावी.

सांगली
कृष्णाकाठची शाळा, जी पुरात निवारा होईल, हा माझा विषय. २०१९ला पाणी आमच्याच घरात होतं, त्यामुळे विषय शोधत बसावं लागलं नाही. पूररेषा दोन असतात: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, म्हणून मनात भरलेली नदीलगतची जागा सोडली. मग गावात विचारत फिरलो, पाणी चढत असताना माणसं घर का सोडत नाहीत? एका आजोबांनी गोठ्याकडे हात केला. "हिला कुठं टाकून जाऊ?"
त्या म्हशीनं माझा प्लॅन ठरवला. वरच्या मजल्यापर्यंत जनावरं चढतील असा रॅम्प हवा, आणि एरवी तोच व्हीलचेअरवरच्या मुलांना वापरता यायला हवा. १:१२ उतार धरला तर ३.५ मीटर चढायला ४२ मीटर लांबी लागते, मधले टप्पे वेगळे. एवढा रॅम्प कोपऱ्यात मावेना, म्हणून तो अंगणाभोवती फिरवला आणि वर्ग त्याच्या कडेनं लावले. बाहेरून आलेल्या परीक्षकांचा पहिलाच प्रश्न: "शेणाची सोय काय?" त्याची शीट तयार होती. फार बरं वाटलं.

येवला
पैठणी विणकरांची घरं. गृहनिर्माणाच्या ठरावीक मापांत माग बसतच नाही, म्हणून मी खोल्यांआधी माग मोजला. विणकर मावशींनी मला मागावर बसवलं, पदरातल्या मोराचे रंग दाखवले आणि वर हात आडवा धरला. सावलीत हिरवा आणि मोरपंखी सारखेच दिसायला लागले! खिडकी कुठे, सिल (खिडकीचा खालचा काठ) किती उंचीवर, हे तिथे बसूनच ठरलं. गाइड मॅडम प्रत्येक क्रिटला (काम दाखवून होणाऱ्या चर्चेला) आधी विचारायच्या, "मावशी कुठे बसल्यात?"

मुंबई
ससून डॉक, १८७५चा. पहाटे मासळीच्या लिलावाच्या वेळी गेलात तरच तिथलं काम कळतं. सीआरझेडचे (किनारपट्टीलगतच्या बांधकामाचे) नियम सिनॉप्सिसच्या आधी वाचा. माझी बहुतेक ज्युरी फरशीचा उतार, बर्फाचं पाणी आणि कोळणींच्या बसायच्या जागेवर झाली. एलिव्हेशनवर (इमारतीच्या बाहेरून दिसणाऱ्या रूपावर) फारसं कुणी बोललं नाही, आणि मला ते योग्यच वाटलं.

नाशिक
मी शिकवतो, म्हणून थोडं व्यवहाराचं. ज्युरीच्या महिनाभर आधी डिझाइन फ्रीझ करा. त्यानंतर सुचलेली कल्पना कितीही चांगली असो, वहीत ठेवा. एरिया स्टेटमेंट (क्षेत्रफळांचा तक्ता) आणि प्लॅनमधले आकडे जुळतात का, हे मित्राकडून तपासून घ्या. ए१ची एक शीट आधीच प्लॉट करून बघा, स्क्रीनवर छान दिसणाऱ्या बारीक रेषा कागदावर दिसेनाशा होतात. लेझर कटिंगला शेवटच्या आठवड्यात रांग असते, साइट मॉडेलचा बेस त्याआधीच कापून आणा. आणि मॉडेलला ज्युनिअर्स रात्रभर बसणार असतील, तर त्यांच्या जेवणाचं आधी बघा.