लॉ कॉलेजातली ७० टक्के हजेरीची सक्ती राहावी की जावी?

जिल्हाकोर्ट:
मंडळी, विषय तापलेलाच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की हजेरी कमी पडली म्हणून कुठल्याही लॉ कॉलेजने विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यापासून अडवू नये. २०१६ मध्ये तिथल्या एका लॉच्या विद्यार्थ्याने हजेरीवरून परीक्षेला बसू दिलं नाही त्यानंतर आत्महत्या केली होती, त्या प्रकरणात हा निकाल आला. वाचून पोटात कालवतं आणि कुठल्याही नियमापायी पोरांवर अशी वेळ येऊ नये हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्यानंतर आमच्या पोरांच्या ग्रुपवर "आता लेक्चरला जायचंच कशाला" असा जो सूर लागलाय त्याला माझा विरोध आहे.

बार कौन्सिलच्या (वकिली आणि लॉच्या शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) २००८ च्या नियमांतला १२ वा नियम सांगतो की प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी पाहिजे, आणि त्यात नुसती लेक्चरं नाहीत तर मूट (सरावाचं लुटुपुटूचं कोर्ट), ट्युटोरियल, प्रॅक्टिकल सगळं धरून. खरंच अडचण असेल तर प्राचार्य ६५ पर्यंत सूट देऊ शकतात, फक्त सगळे विषय मिळून ७० भरले पाहिजेत. एवढं काय जाचक आहे यात?

मी दिवाणी बाजूला प्रॅक्टिस करतो आणि सकाळी एका कॉलेजात सीपीसी, म्हणजे दिवाणी दावा कसा चालवायचा त्याचा कायदा, शिकवतो. वर्गात जुन्या दाव्याच्या झेरॉक्स वाटतो, नावं खोडून. त्यातला ऑर्डर ७ रूल ३ पोरांना तोंडपाठ असतो, की जागेचा दावा असेल तर मिळकतीचं वर्णन ओळखू येईल असं पाहिजे, पण समोरच्या दाव्यात चतुःसीमेची पूर्व आणि पश्चिम उलटी पडलीय हे वर्गात एकाच्याही लक्षात येत नाही. अशा दाव्यात निशाणी ५ चा, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मनाईचा, अर्ज मंजूर झाला तरी अंमल कशावर करणार? हे गाईड वाचून येत नाही हो, समोर बसून चार जणांनी भांडल्यावर येतं.

संध्या_ठाणे:
सर तुमच्यासारखं शिकवणारे असते तर मी पहाटेची लोकल पकडून आले असते, खरं सांगते. पण आमच्याकडे मॅडम गाईड उघडून वाचतात आणि आम्ही लिहून घेतो. १ जुलै २०२४ ला आयपीसी गेली, खुनाची शिक्षा ३०२ वरून भारतीय न्याय संहितेच्या १०३ वर आली, आणि त्यानंतरही आम्हाला जुन्याच नोट्स डिक्टेट होत होत्या. त्यासाठी मी रजा टाकून बसायचं?

तीन वर्षांच्या एलएलबीला येणारे सगळे ग्रॅज्युएट असतात, निम्मा वर्ग नोकरीवाला, कोणाला घर चालवायचंय कोणाचं पोर लहान आहे. निवासी नसलेल्या कॉलेजात वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ मध्येच घ्यायचे असाही त्याच बार कौन्सिलचा नियम, म्हणजे ऑफिस सुटल्यावर शिकायची सोय तुम्हीच बंद केलीत आणि वर हजेरी पण मागताय.

खडा_बोल:
@संध्या_ठाणे, राग मानू नका पण मग हा कोर्स घ्यायचाच कशाला? नोकरी करत एमबीबीएस कोणी करतं का? वकिलाच्या हातात पण माणसाचं घर, जमीन, जामीन असतो. माझ्या सासऱ्यांच्या वाटपाच्या दाव्यात वकिलाने कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) मुदतीत दिली नाही, विना कैफियत हुकूम झाला, तो उठवून घेण्यात किती तारखा गेल्या आणि म्हाताऱ्या माणसाने किती हेलपाटे घातले ते आम्ही बघितलंय. फुलटाइम कोर्स आहे तर फुलटाइम करा. नाही जमत तर दुसरं काहीतरी शिका.

संध्या_ठाणे:
@खडा_बोल, तुमच्या सासऱ्यांच्या वकिलाने पण ७० टक्के हजेरी भरूनच डिग्री घेतली असेल ना? मग काय उपयोग झाला? आणि "दुसरं काहीतरी शिका" हे बोलायला सोपं आहे दादा. ज्यांच्या घरात पैसा आहे त्यांचीच मुलं वकील होणार का मग? मी लेबर कंत्राटदाराच्या ऑफिसात पगारपत्रकं बनवते, पीएफ कुठे बुडतो कसा बुडतो ते मला रोज दिसतं, म्हणून कामगार कायदा शिकायला आले. माझ्यासारखीनेच यायला पाहिजे या धंद्यात.

लातूरची_मी:
संध्याताईंना +१. आमच्या इथलं अजून वेगळं. सेमिस्टर संपत आलं की डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी) लागते, मग "दंड" भरायचा की हजेरी आपोआप ७० च्या वर. पावती मागितली की क्लार्क नुसता बघतो. दर वर्षी ज्यांच्याकडे पैसे नाहीत तेच अडकतात, एसटीने येणारी पोरं. मी स्वतः रोज येऊन बसणारी आहे तरी सांगते, परीक्षेला बसू देणार नाही हा धाक आहे तोवर हा धंदा चालणार. दिल्लीच्या कोर्टाने तो धाकच काढला हे फार बरं झालं. २०२४ मध्ये बार कौन्सिलने बायोमेट्रिक आणि सीसीटीव्ही लावा असं सर्क्युलर काढलं, त्याने काय होतंय, अंगठा लावून पोरं परत टपरीवर.

जिल्हाकोर्ट:
@लातूरची_मी, हा दंडाचा प्रकार सरळ सरळ लूट आहे, त्यावर लेखी तक्रार झालीच पाहिजे, ड्राफ्ट लागला तर मी करून देतो. पण लूट होते म्हणून नियमच काढा हे मला पटत नाही.

निकाल नीट वाचा, कोर्टाने हजेरी रद्द केलेली नाही. दर आठवड्याला हजेरी कळवा, कमी पडत असेल तर दर महिन्याला घरी कळवा, जादा तास घ्या असं सांगितलंय. तरी भरली नाही तर फार तर ५ टक्के मार्क किंवा सीजीपीएत ०.३३ कापा, पण परीक्षा अडवू नका. लेक्चरपुरतं मला हे चालेल. प्रॅक्टिकल ट्रेनिंगच्या पेपरला मात्र नाही. एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून बघायचा आणि जर्नल लिहायचं, याला ३० मार्क आहेत. माझ्याकडे वायवाला (तोंडी परीक्षेला) येणाऱ्या जर्नलांत गठ्ठ्याने एकच खटला असतो, सिनियरच्या वहीतून उतरवलेला. सरतपास (आपल्याच साक्षीदाराची तपासणी) कोणी घेतला, उलटतपासात साक्षीदार कुठे अडला, विचारलं की गप्प. अशाला वकिलीची सनद द्यायची?

आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत का आणली? कोर्टाची पायरी न चढलेली पोरं डायरेक्ट डायसवर बसत होती म्हणूनच ना.

संध्या_ठाणे:
सर तेच तर मी म्हणतेय!! ती अट प्रॅक्टिसची आहे, लेक्चरची नाही. सुप्रीम कोर्टालाही माहितीय की काम कोर्टात शिकायला मिळतं. मग माझी हजेरी तिथे मोजा ना. कामगार न्यायालयात मी दिवसभर बसले, वकिलाने सही दिली, ते वर्गातल्या चार तासांच्या जागी धरा. खटला बघायला माझी ना नाही, मूटलाही नाही.

खडा_बोल:
वकिलाची सही तर जर्नलवर आत्ताही असते. ओळखीतला वकील गाठायचा की झालं. त्यापेक्षा वर्गातला हजेरीपट बरा.

जिल्हाकोर्ट:
@संध्या_ठाणे, सगळे तास कोर्टात वळवायला मी तयार नाही, कारण कायदा माहीत नसताना कोर्टात बसलं तर नुसत्या तारखा पडताना दिसतात. पण प्रॅक्टिकलचे आणि ट्युटोरियलचे तास तिथे धरायला हरकत नाही. सही वकिलाची नको, त्या दिवशीचा रोजनामा (कोर्टात काय झालं त्याची नोंद) ऑनलाइन दिसतो, त्याच्याशी जर्नल ताडून बघता येतं. मी प्राचार्यांकडे हे लेखी मांडणार आहे. हजेरी नाही तर परीक्षा नाही ही अट मात्र प्रॅक्टिकलला राहणारच, त्यात बदल नाही.

संध्या_ठाणे:
रोजनाम्याचं चालेल. पण मूट शनिवारी ठेवा असंही त्यात लिहा सर, मंगळवारी दुपारी मूट लावली तर मी परत डिफॉल्टरच.

लातूरची_मी:
आणि हजेरी दर आठवड्याला नोटीस बोर्डावर लावा हेही लिहा. कोणाची किती ते आधीच सगळ्यांना दिसलं तर शेवटच्या आठवड्यात दंड कसला मागतील? तक्रारीचं म्हणालात ना सर, लिस्टचे फोटो आहेत माझ्याकडे, व्यनि करते.