लघुग्रहांच्या पट्ट्यात एवढी गर्दी कुठून आली?

निवेदनवाली:

नमस्कार. अवकाशावरच्या परदेशी माहितीपटांची निवेदनं मराठीत आणणं हे माझं काम. एकेक भाग आठवडाभर, आवाज बंद ठेवून, पुढे-मागे करत बघावा लागतो. एकेक शॉट चाळीस-चाळीस वेळा. प्रेक्षक एकदा बघून मोकळा होतो, माझी तशी सुटका नाही. त्यामुळे काही गोष्टी डोळ्यांत सलायला लागल्यात.

परवाचंच उदाहरण. निवेदनात वाक्य आहे, ‘या पट्ट्यातल्या दोन मोठ्या लघुग्रहांमध्ये सहसा लाखो किलोमीटरचं अंतर असतं.’ वाक्य मीच लिहिलंय आणि बरोबर आहे. नेमकं तेव्हाच पडद्यावर दगडावर दगड आपटतायत, धुरळा उडतोय आणि कॅमेरा जत्रेतून सायकल काढावी तसा वाट काढतोय. अहो, पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये हा अख्खा पट्टा पार करून धडधाकट गुरूपर्यंत गेलं! माझंच वाक्य माझ्यादेखत खोटं पडत होतं.

त्यातला एक बटाट्यासारखा दगड तर मी आता ओळखते. डाव्या अंगाला तीन खड्डे आहेत. दुसऱ्या भागात तो धूमकेतूचा गाभा होऊन येतो आणि पाचव्या भागात डावं-उजवं उलटं करून डायनासोर मारायला.

दुसऱ्या एका मालिकेची चकचकीत नवी आवृत्ती हाती आली, २०१५ च्या बऱ्याच नंतरची. त्यात प्लुटो अजून राखाडी, आपल्या चंद्राची नक्कल. न्यू होरायझन्स हे यान १४ जुलै २०१५ ला त्याच्याजवळून गेलं, ते तांबूस रंग आणि बदामाच्या आकाराच्या प्रदेशातलं नायट्रोजनच्या बर्फाचं मैदान सगळ्या जगाने पाहिलं. या मंडळींपर्यंत बातमी पोचली नसावी.

तर विचारायचंय असं, की हे पैसे कमी पडतात म्हणून होतं, वेळ नसतो म्हणून, की कुणाला पडलेलीच नसते? आणि समोरचा शॉट यानाने टिपलेला आहे की संगणकावर रचलेला, हे ओळखायच्या काही खुणा आहेत का?

रात्रपाळीचा रेंडर:

निवेदनताई, तो बटाटा माझ्या ओळखीतला निघायचा. पंधरा वर्षं कॉम्पोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रं जोडून एक शॉट रचायचं काम, करतोय, असे दगड आमच्या लायब्ररीत पडून असतात. चित्रपटात ज्या शॉटवर महिनाभर काम चालतं, तसल्याला माहितीपटात दोन-तीन दिवस मिळतात. मग जुनाच दगड फिरवायचा, प्रकाशाची दिशा बदलायची, पुढे जायचं.

गर्दीचं म्हणाल, तर एकदा मी पट्टा खरा केला होता. काळंभोर आकाश आणि सावकाश सरकणारे तीन ठिपके. उलट टपाली शेरा आला, ‘इथे काहीच घडत नाहीये.’ मग काय, ओतले दगड.

आता खुणा. पहिली प्रकाशाची. सूर्यमालेत दिवा एकच. त्यामुळे ग्रहाची सावलीतली बाजू जवळपास काळी ठार असते, शेजारच्या एखाद्या मोठ्या गोलावरून उजेड परतून येत असेल तेवढाच अपवाद. पण टीव्हीवर काळ्यात काळं हरवतं, म्हणून आम्ही मागच्या कडेला निळसर उजेडाची रेघ मारतो. दोन्ही कडा उजळलेला ग्रह दिसला की समजा, आमच्यापैकी कुणीतरी जागलंय.

दुसरी ताऱ्यांची. उन्हात न्हालेल्या चंद्राचा फोटो काढायचा तर शटर क्षणभरच उघडतं, तेवढ्यात मंद तारे उमटत नाहीत. अपोलोच्या दिवसाउजेडीच्या फोटोंत आकाश कोरं आहे ते याचमुळे (त्यावरून केवढं रान उठवलं लोकांनी!). तेव्हा झळाळता ग्रह आणि मागे खच्चून तारे एकाच चौकटीत असतील तर दोन चित्रं जोडलेली आहेत, नाहीतर सगळंच रचलेलं.

तिसरी कॅमेऱ्याच्या चालीची. यान आपल्या कक्षेनेच जातं. शनीच्या कड्यांमधून सूर मारून, वळसा घेऊन परत वर येणारा कॅमेरा म्हणजे शंभर टक्के संगणक.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण माझं खरं दुखणं ते आहे: बँडिंग. तेजोमेघाभोवतीची प्रभा अलगद काळ्यात विरायला हवी, तिथे जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात ना, ते. चित्राची फाइल आठ बिटची असली तर प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, त्यातल्या अगदी गडद छटांच्या वाट्याला थोड्याच येतात. दहा बिटमध्ये १०२४ असतात. पायऱ्या झाकायला आम्ही मुद्दाम बारीक रवाळ दाणा मिसळतो. पुढे प्रक्षेपणासाठी फाइल आवळताना तो दाणा ‘अनावश्यक’ म्हणून पुसला जातो, आणि पायऱ्या पुन्हा हजर! अवकाश म्हणजे नव्वद टक्के अंधार, त्यामुळे सगळ्यात जास्त मार आमच्याच विषयाला. खोक्यावर ४के लिहून काही होत नाही.

जुनी दुर्बीण:

वरच्या खुणा पटल्या, पण विदा (डेटा) खरी असली म्हणजे चित्र खरं, असंही नसतं. शुक्राचं घ्या. मॅजेलन यानाने दाट ढगांआडचा त्याचा पृष्ठभाग रडारने मोजला. त्यावरून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला माट मॉन्स या ज्वालामुखीचं जे प्रसिद्ध चित्र आलं, त्यात उंची साडेबावीस पट वाढवलेली होती. भगवा रंगसुद्धा रडारचा नव्हे, रडारला रंग कुठला? तो व्हेनेरा १३ आणि १४ या सोव्हिएत यानांनी पृष्ठभागावर उतरून काढलेल्या फोटोंवरून घेतलेला. प्रत्यक्षात उतार इतके मंद, की एका ग्रहशास्त्रज्ञाने वैतागून ‘सपाट शुक्र मंडळ’ काढायची थट्टेने सूचना केली होती. चित्राखाली आकडा छापलेला होता. माहितीपटात चित्र गेलं, आकडा गळला.

मंगळावरच्या ऑलिंपस मॉन्सचंही तेच. उंची सुमारे २२ किलोमीटर, पण पसारा जवळजवळ ६०० किलोमीटरचा. सरासरी उतार पाचेक अंशांचा. वर उभं राहिलात तर डोंगरावर आहोत हेही कळणार नाही. पडद्यावर मात्र कडेलोट करता येईल असा सुळका!

हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेल्या, तेजोमेघातल्या वायू-धुळीच्या ‘स्तंभां’बद्दल मात्र फसवणूक झाली असं म्हणू नका. गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, प्राणवायूला निळा अशी ती सांकेतिक वाटणी आहे. हायड्रोजनचा तो प्रकाश खरं तर लालच असतो, पण गंधकाचाही लाल, मग दोन्ही वेगळे ओळखायचे कसे? एवढं एक वाक्य निवेदनात आलं तरी पुरे.

सोफ्यावरचा अंतराळवीर:

एवढा कीस पाडायचा तर पाठ्यपुस्तक वाचा की. मला धमाके आवडतात. रात्री जेवल्यावर तीन ठिपके कोण बघत बसणार?

रात्रपाळीचा रेंडर:

बघतात लोक. ‘इंटरस्टेलर’ चित्रपटातलं कृष्णविवर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून काढलं होतं, काही चौकटींना तर प्रत्येकी शंभर-शंभर तास लागले. आणि ते कुठल्याही धमाक्यापेक्षा देखणं निघालं. गंमत म्हणजे तिथेही हात आखडला. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू तेजस्वी आणि दूर जाणारी मंद दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळेल म्हणून ते गाळलं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल्युमिने यांनी १९७९ मध्ये गणित संगणकावर करून शाईचे ठिपके हाताने देत जे चित्र काढलं होतं, त्यात हा फरक स्पष्ट आहे. २०१९ मध्ये एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराची खरी प्रतिमा आली, तीही एका बाजूला ठळक. कुणी गोंधळलं नाही, पहिल्या पानावर छापली.

सोफ्यावरचा अंतराळवीर:

बरं, हे माहीत नव्हतं. धमाके तरीही राहू द्या.

निवेदनवाली:

दुर्बीणकाका, तो शुक्राचा शॉट आत्ता माझ्यासमोरच उघडा आहे! मूळ निवेदक तिथे श्वास घ्यायला थांबतो, तेवढी २ सेकंद १४ फ्रेमची फट आहे. ‘उंची साडेबावीस पट वाढवून दाखवली आहे’ बसत नाही, चार वेळा म्हणून पाहिलं. शेवटचा ‘आहे’ पुढच्या वाक्यावर चढतो.

जुनी दुर्बीण:

‘उंची मुद्दाम वाढवलेली’?

निवेदनवाली:

बसलं! आकडा गेला, पण बसलं. तपासणाऱ्यांनी उडवलं नाही तर प्रसारणात ऐकू येईल. आता त्या बटाट्याचं काय करू?

रात्रपाळीचा रेंडर:

त्याचं नाव श्रेयनामावलीत घाला. आमचं येत नाही, त्याचं तरी येऊ दे.