शब्दचर्चा : विडंबन नेमकं कोणाचं?

न्यू जर्सीहून भाचीचा प्रश्न : ऑफिसच्या नाताळ पार्टीत एकाने 'ट्वाज द नाइट बिफोर ख्रिसमस' या नाताळच्या प्रसिद्ध इंग्रजी कवितेच्या चालीवर बंद पडलेल्या प्रिंटरची कविता म्हटली. सगळे खो खो हसले. याला मराठीत विडंबन म्हणायचं का? मूळ कवितेची तर कुणी टर उडवली नाही.

– म्हणायचं की! 'झेंडूची फुले' मग काय आहे?

– थांबा. अत्र्यांनी टर उडवली ती कवींच्या लकबींची. इथे मूळ कविता हा नुसता साचा. १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात ती निनावी छापून आली. पुढे १८४४मध्ये क्लेमेंट मूर यांनी आपल्या संग्रहात घेतली (कवी दुसराच, असं म्हणणारेही आहेत). पहिली ओळ तिकडे लहान पोरालाही पाठ, म्हणून साचा लगेच ओळखू येतो. १९८५मध्ये इंटरनेटच्या जनकांपैकी एक, विंट सर्फ, यांनी चक्क तांत्रिक टिपणांच्या मालिकेत, आरएफसी ९६८ म्हणून, असंच कवन घातलं : मूळ कवितेत उंदीर हलत नाही, इथे पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) हलत नाही. हसायचं ते नेटवर्कवाल्यांना. उलट १९२७मध्ये विनोदी लेखक जेम्स थर्बरने तीच गोष्ट कादंबरीकार हेमिंग्वेच्या तुटक वाक्यांत सांगितली. तिथे कविता निमित्त, टोपी उडाली हेमिंग्वेची. अत्र्यांच्या जातीचं ते. प्रिंटरवाल्या कवितेला मी 'चालीवर रचलेली' एवढंच म्हणेन.

– आणि कृपा करून 'विडंबना' लिहू नका. विडंबन नपुंसकलिंगी, ते कवितेचं होतं. विडंबना स्त्रीलिंगी, ती माणसाच्या वाट्याला येते. 'कवितेची विडंबना केली' म्हटलं तर तिची अब्रू काढल्यासारखं वाटतं. हिंदीतला 'आयरनी'वाला अर्थही हल्ली बातम्यांत घुसतोय.

– चालीवरून आठवलं. त्या इंग्रजी कवितेच्या ओळीत दोन हलके उच्चार, एक जड, असे चार घास : इंग्रजीत ते आघातावर चालतं, आपल्याकडे लघु-गुरू अक्षरांवर, पण घाट आपल्या तोटक वृत्ताचाच! ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू : लललगा लललगा नव्हे हं, ललगा चारदा. बघा :
घर शांत, न उंदिरही हलला

– वा! मग हे घ्या :
घर शांत, नळांतुन थेंब नसे
सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. टँकर अजून आलेला नाही.