ब्रँडिस यांनी पेगूतला साग मोजला कसा आणि तोड ठरवली कशी?

रानवाट
डीट्रिश ब्रँडिस मुळात बॉनला वनस्पतिशास्त्र शिकवणारे. १८५६ मध्ये ते ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागजंगलांचे अधीक्षक झाले. पहिल्या वर्गातल्या, म्हणजे सर्वांत जाड झाडांपैकी दरवर्षी फक्त चोविसावा हिस्सा तोडायचा, असं त्यांनी ठरवलं. एवढ्या अफाट जंगलात मोजणी केली कशी, आणि हे २४ आले कुठून? शिवाय तोडीआधी झाड उभंच का वाळवायचे?

सागवान_चांदा
सगळं जंगल त्यांनी मोजलंच नाही. वाटेने किंवा डोंगरधारेने जायचं आणि बाजूच्या पट्ट्यातला प्रत्येक साग नोंदवायचा. डाव्या हातात बांबूचे फूटभर लांबीचे तुकडे, साग दिसला की खिशातल्या चाकूने त्याच्या घेराच्या वर्गाची खाच पाडायची. ६ फूट आणि त्यावरचा घेर पहिला वर्ग, साडेचार ते सहा दुसरा, दीड ते साडेचार तिसरा, त्याखालचं सगळं चौथा. असे दिवसाला सुमारे २० मैल व्हायचे.

दुसऱ्या वर्गातलं झाड पहिल्यात यायला २४ वर्षं लागतात, हा त्यांचा अंदाज. म्हणून पहिला वर्ग २४ वर्षं पुरवून तोडायचा, तोवर दुसरा त्याची जागा घेतो. साडेचार ते सहा फूट म्हणजे १८ इंच, भागिले २४, म्हणजे वर्षाला पाऊण इंच घेर. त्रिज्येत हे जेमतेम ३ मिलिमीटर होतं. सागाला वार्षिक वलयं स्पष्ट दिसतात, त्यामुळे हा वेग बुंध्यावर पट्टी ठेवून तपासता येतो.

खरी मेख पुढे आहे. समजा, पहिल्या वर्गात २४०० झाडं आहेत आणि दुसऱ्यात फक्त १२००. आज वर्षाला १०० तोडता येतील, पण २४ वर्षांनी तोड ५० वर आणावी लागेल, तीही वाटेत एकही झाड मेलं नाही तर. म्हणून पहिल्या वर्गाइतकंच लक्ष दुसऱ्यावर हवं.

ओंडका
उभं वाळवण्याचं कारण पाणी. ओला साग पाण्यात बुडतो, आणि तिथली सगळी वाहतूक ओढे-नद्यांतून. म्हणून बुंध्याशी साल आणि तिच्या आतलं पांढरं लाकूड चहूबाजूंनी, पार गाभ्यापर्यंत कापायचे. दोन-तीन वर्षांत झाड उभ्यानेच वाळलं की तोडून हत्तींनी ओढ्यात आणायचं आणि पुराच्या पाण्यावर सोडायचं.

पांढऱ्या लाकडाची बोटभर पट्टी राहिली तरी पाणी वर चढत राहतं, पालवी फुटते आणि तो ओंडका तरंगत नाही. दुसरा धोका वणव्याचा, वाळलेलं खोड लगेच पेट घेतं. एकदा कापलेलं झाड परत जगवता येत नाही, म्हणून कोणतं कापायचं ही निवड ठेकेदाराच्या हाती न ठेवता वनखात्याने करणं फार महत्त्वाचं होतं.

घेरपट्टी
कुणी आज ही पद्धत वापरून बघणार असेल तर दोन गोष्टी सांभाळा. साग निचऱ्याच्या उतारावर वाढतो, पाणी साचणाऱ्या सपाटीवर नाही. नुसते धारेवरचे पट्टे घेतले तर आकडा फुगतो. पट्टे धारेपासून नाल्यापर्यंत आडवे उतरवा.

दुसरं, जुन्या सागाचा बुंधा पन्हळीसारखा खाचदार असतो. फीत खाचांवरून ताणली की घेर जास्त भरतो आणि साडेपाच फुटांचं झाड सहज पहिल्या वर्गात जातं. पन्हळी जिथे संपतात त्याच्या वर घेर घ्या आणि ती उंची वहीत लिहा, नाहीतर दहा वर्षांनी पुन्हा मोजणाऱ्याला तुलनाच करता येणार नाही.