घरात कमावणारी सून आली म्हणून दिव्यांग नणंदेने पैसे परत करायचे का?

मेघना_सातारा
काल एका ताईंनी विचारलं होतं. बहीण 60 टक्के अस्थिव्यंग, संजय गांधी निराधारचे (निराधार, दिव्यांगांना दरमहा मिळणारं सरकारी अनुदान) पैसे चालू, मध्ये भावाचं लग्न झालं, वहिनी खासगी दवाखान्यात नर्स, रेशनकार्ड एकच, आणि आता गावात पडताळणी सुरू झालीय, तर घरचं उत्पन्न वाढलं म्हणून मधल्या काळातले पैसे परत मागतील का? त्यावर भैरू दादांचं उत्तर, "गप्प बसा, कोण विचारत नाही, अर्ज दिलात तर स्वतःच्या पायावर धोंडा." आणि त्याला धडाधड लाईक. म्हणून सविस्तर लिहितेय.

गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. 2025 च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांना महिन्याला 2500 आहेत, आधी 1500 होते. म्हणजे उद्या वसुली निघालीच तर तुम्ही गप्प बसलेला प्रत्येक महिना त्यात 2500 ची भर घालणार. शिवाय चौकशी अहवालात "माहिती लपवली" असा शेरा पडला की पुढचं सगळं अवघड होतं. साध्या कागदावर तहसीलला लिहून द्या, लग्न कधी झालं, घरात कोण कमावतं, बहिणीचं स्वतःचं उत्पन्न काही नाही. आवक शिक्क्याची पोच घ्या, पासबुक भरून आणा.

पण लेखी आदेश हातात आल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही. कोणत्या अटीने, कुठल्या महिन्यापासून, किती, हे कागदावर हवं, आणि त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. वहिनीचा पगार हे नणंदेचं उत्पन्न कसं हो होतं?

निवृत्त_महसूल
ताई, अर्ज द्या हे बरोबर. बाकीचं भावनेच्या भरात लिहिलंय. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार आहे, अर्ज करताना त्यावर सही केलेली असते. नर्सचा पगार धरला तर चार-सहा महिन्यांत मर्यादा ओलांडली. पैसे जनतेचे आहेत. पीएम किसानमध्ये आयकर भरणाऱ्यांकडून वसुली झालीच ना? नोटिसा आल्या, लोकांनी भरले.

मेघना_सातारा
आयकर भरणारा शेतकरी आणि अंथरुणावरून उठायला आधार लागणारी मुलगी एकाच तराजूत घालताय तुम्ही काका. 50 हजार वर्षाला म्हणजे महिन्याला 4200 सुद्धा नाही. घरात एक माणूस रोज मजुरीला गेला तरी त्यापेक्षा जास्त येतात. ही मर्यादा प्रामाणिकपणे लावली तर यादीत कोण उरेल सांगा. उत्पन्नाचा दाखला कसा निघतो हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.

निवृत्त_महसूल
माझ्या नोकरीवर घसरू नका. तलाठी स्वतःहून लिहीत नाही, जबाब घेतो, पंच सह्या करतात. खोटं सांगणारा गावातलाच असतो.

भैरू_माणदेशी
गप्प बसा म्हणणारा मीच. आता माझं ऐका. माझ्या चुलत्याने तुमच्यासारखंच केलं, पोरगा कंपनीत लागला, म्हातारा सरळ माणूस, जाऊन लिहून दिलं. पुढच्या महिन्यापासून अनुदान बंद. पोराची कंपनी वर्षाच्या आत बंद पडली, म्हातारा परत तहसीलला, तर म्हणे नव्याने अर्ज करा, नवा दाखला आणा, अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक झाली की बघू. बैठक काही लवकर होईना. त्या काळात मेडिकलवाल्याची उधारी कुणी भरली, मी भरली. पोच होती बरं का त्याच्याकडे, शिक्क्यासकट. काय उपयोग झाला तिचा?

पूजा_जळगाव
आणि इथे लाडकी बहीणमध्ये 2.5 लाखांची मर्यादा! धडधाकट बाईला 2.5 लाख चालतात, अपंगाला 50 हजार. सरकारी नोकरीतल्या बायका, पुरुषसुद्धा सापडले त्या यादीत, सरकारनेच मान्य केलं. त्यांच्याकडून आधी वसूल करा.

सुनीता_शिंदे_आई
सगळं खापर लाडक्या बहिणीवरच का फोडता? माझ्या 1500 मध्ये मुलीची फी जाते. मी नोकरीत नाही, माझ्याकडे गाडी नाही.

पूजा_जळगाव
तुमच्या 1500 ला कोण बोललं? माझी आत्या पोलिओची, तिला संजय गांधीचे मिळतात म्हणून लाडकी बहीण नाकारली, कारण दुसऱ्या योजनेतून 1500 मिळाले की तुम्ही बाद. म्हणजे 2500 होईपर्यंत अपंग असण्याचे वेगळे काही नव्हतेच, धडधाकट बाईला जेवढे तेवढेच तिला. हा राग आहे माझा.

सुनीता_शिंदे_आई
मग तो राग सरकारवर काढा, बायकांवर नको. दरवेळी आम्हीच फुकटे ठरतो.

विनय_ब्रेल
मी शंभर टक्के अंध आहे, आता जरा मला बोलू द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 24 वाचा. इतरांना जेवढं मिळतं त्यापेक्षा दिव्यांगांना निदान 25 टक्के जास्त, असं स्पष्ट लिहिलंय. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2025 पर्यंत सगळ्यांना सरसकट 1500 होते. 2025 च्या जूनमध्ये दिव्यांगांसाठी लढणारे बच्चूभाऊ कडू मोझरीला अन्नत्यागाला बसले तेव्हा मागणी 6000 ची होती, आणि आंध्र प्रदेश 2024 पासून तेवढे देतोय. एवढी वर्षं आम्हाला जे कमी दिलं त्याची वसुली आम्ही कुठे करायची, काका? हिशोब मागचा काढायचाच तर दोन्ही बाजूंचा काढा.

निवृत्त_महसूल
कलमाचं तुमचं बरोबर आहे. पण त्याने या केसमधली मर्यादा बदलत नाही.

अ‍ॅड_कोल्हापूरकर
सुप्रीम कोर्टाचा 2014 चा रफिक मसीह निकाल आहे की, चुकून जास्त दिलेले पैसे गरिबाकडून वसूल करता येत नाहीत. विषय संपला.

निवृत्त_महसूल
वकीलसाहेब, तो निकाल सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगाराचा आहे. वर्ग तीन, वर्ग चार, निवृत्त झालेले. अनुदानाला तो थेट लागू नाही, लोकांना अर्धवट सांगू नका.

अ‍ॅड_कोल्हापूरकर
थेट नाही, हे मान्य. पण चूक कार्यालयाची आणि लाभार्थी गरीब असेल तर सक्तीने वसुली अन्यायाची होते, हे तत्त्व अर्जात मांडायला कोण अडवतंय?

प्रश्न_विचारणारी_ताई
सगळ्यांचं वाचलं. एक सांगायचं राहिलं होतं, वहिनी आल्यापासून भाऊ-वहिनी पुण्याला राहतात, घरी आई आणि बहीण दोघीच. भाऊ सणाला येतो. रेशनकार्डावरून नावं काढायची राहिली आहेत फक्त. याने काही फरक पडतो का?

मेघना_सातारा
अहो ताई, हे आधी सांगायचं ना! सगळाच फरक पडतो. ते वेगळे राहतात हे दाखवणारं जे असेल ते जोडा, भाड्याचा करारनामा, वीजबिल, वहिनीच्या नोकरीच्या ठिकाणचा पत्ता. नावं कमी करायचा अर्ज आजच द्या, पण मागची तारीख टाकू नका, कुणी सुचवलं तरी. वेगळे कधीपासून राहतात ते अर्जात खरं लिहा.

निवृत्त_महसूल
वेगळी चूल असेल तर चौकशीत तसं नोंदवता येतं. शेजाऱ्यांचे जबाब घ्यायला सांगा, आणि सांगताना बहिणीला समोर बसवा, तिचं म्हणणं तिच्याच तोंडून नोंदवू दे. एवढं मी नक्की सांगतो.

भैरू_माणदेशी
द्या मग अर्ज. पण अनुदान थांबलं तर मेडिकलची उधारी मेघनाताईंच्या नावावर मांडा.

मेघना_सातारा
मांडा. आणि दादा, चुलत्याचा फेरअर्ज अजून अडकला असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकू, समितीची बैठक कधी झाली आणि त्यांच्या अर्जावर काय ठरलं ते लेखी मागू. मसुदा मी लिहून देते, मेसेज करा.

भैरू_माणदेशी
पाठवतो कागदांचे फोटो.